प्रश्न छोटासाच आहे

१८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाल्यावर विष्णुदास भाव्यांनी प्रेक्षकांशी चर्चा ठेवली असती, तर तो पहिला प्रयोग अजून संपायचाच असता. त्यांच्याच नावाच्या वाशीच्या नाट्यगृहात प्रायोगिक नाटकानंतर माइक फिरू लागला, की बिनतालमीचा आणखी एक अंक सुरू होतो. “प्रश्न छोटासाच आहे,” म्हणत उठलेले काका आधी स्वतःची कॉलेजातली एकांकिका सांगतात, मग लागूंचा ‘नटसम्राट’. प्रश्न राहूनच जातो. दिग्दर्शक तरीही “फार महत्त्वाचा मुद्दा” म्हणून उत्तर देतो. नट पनवेल लोकलचा हिशेब करत मान डोलावतात. खरी समीक्षा बाहेर, वडापावच्या गाडीवर होते, आणि तिथे एकच वाक्य पुरतं: “पाठांतर कच्चं होतं रे!”