काच मोकळी ठेवा, खांब पारदर्शक करा

पुढच्या काचेवर वेगाचे आकडे आणि वळणाचे बाण उमटवणाऱ्या गाड्या आता आपल्या चाकणला तयार होतात. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांच्या महागड्या मॉडेलांत ही सोय आहे. विकताना सांगतात, नजर रस्त्यावरून हटत नाही. नजर हटत नसेल, पण लक्ष हटतं. ‘नासा’च्या १९८० च्या सिम्युलेटर-अभ्यासात काचेवरचे आकडे वाचत विमान उतरवणाऱ्या काही अनुभवी वैमानिकांना धावपट्टीवर आडवं आलेलं दुसरं विमान दिसलंच नव्हतं.

चालकाच्या नजरेआड काय जातं ते आधी बघा. काचेच्या दोन बाजूंचे तिरके खांब, म्हणजे ए-पिलर, छत चेपू नये म्हणून जाड झाले. चौकात वळताना त्यांच्यामागे अख्खा दुचाकीस्वार लपतो. उंच बोनेटपुढे उभं असलेलं लहान मूल दिसत नाही. कॅमेरा आणि प्रोजेक्टर खर्ची पडायला हवेत ते इथे.

आणि हे जमतं. जपानच्या केओ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मागच्या कॅमेऱ्याचं चित्र प्रियसच्या मागच्या सीटवर टाकून सीटच्या आरपार रस्ता दाखवला. लँड रोव्हरने २०१४ मध्ये पारदर्शक बोनेटची कल्पना मांडली आणि २०१९ च्या इव्होकमध्ये बोनेटखालची जमीन पडद्यावर आणली. त्याच वर्षी अमेरिकेत १४ वर्षांच्या एका मुलीने वेबकॅम आणि प्रोजेक्टर लावून ए-पिलर ‘पारदर्शक’ केला आणि देशपातळीवरची विज्ञान स्पर्धा जिंकली.

मग आपल्याला आधी बाणच का मिळतात? बाण शोरूममध्ये दाखवता येतात. खांबामागे लपणारा माणूस शोरूममध्ये नसतो, रस्त्यावर असतो. २०२२ मध्ये भारतात ३२,८२५ पादचारी रस्त्यांवर मेले.

लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकना चालकाला केबिनमधून थेट किती दिसतं यावर तारे मिळतात. तारे कमी पडले, तर जादा सुरक्षा यंत्रणा बसवल्याशिवाय शहरात परवाना नाही. आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ २०२३ पासून टक्कर झाल्यावर आतले किती वाचतील याचे तारे देतं. बाहेरचे किती दिसतील, याचेही तारे त्याने द्यावेत. पारदर्शक खांबाला गुण द्यावेत आणि काचेवरच्या गर्दीचे गुण कापावेत. गिऱ्हाईक तारे मोजून गाडी घेतं, तेव्हा कंपन्यांना खांबांकडे बघावंच लागेल.