उमेदवार चाळणाऱ्या यंत्रास अनावृत पत्र

मु. पो. वेळणेश्वर,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी

प्रति,
मा. उमेदवार-चाळणी सॉफ्टवेअर साहेब,
मुक्काम क्लाउड (पिनकोड मिळाला नाही)

विषय : आमच्या मुलांचे बायोडाटे वाचल्याबद्दल, किंवा न वाचल्याबद्दल.

महोदय,

स. न. वि. वि. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावातल्या पोरांचे नोकरीचे अर्ज लिहून देणे हा माझा जुना जोडधंदा. मोबदला म्हणजे हंगामात आंबे, एरवी चहा. ‘वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की’ इथून ‘आपला आज्ञाधारक’ इथवर मला झोपेतही लिहिता येते. आता मुले कागदाऐवजी फोन पुढे करतात : “मास्तर, अर्ज एटीएसमध्ये अडकलाय.” हे ऐकून एका मुलाची आई रडकुंडीला आली. एटीएस म्हणजे आपण, हे तिला कुठले ठाऊक? तिला वाटले, दहशतवादविरोधी पथकाने पोराला धरले. ते पथक निदान धरल्याचे घरी कळवते. आपण सोडल्याचेही कळवत नाही.

आपल्या आवडीनिवडी आता गावाला पाठ आहेत. साहेबांना एका पानावर दोन रकाने चालत नाहीत. तक्ता दिसला की मजकूर इकडचा तिकडे होतो. ‘फोन’ या शब्दाच्या जागी टेलिफोनचे चित्र काढले तर साहेब गोंधळतात. जाहिरातीत ‘ऑटोकॅड’ असेल तर ‘ऑटोकॅड’च लिहावे, ‘संगणकावर नकाशे काढतो’ म्हटले तर साहेबांना ते चित्रकलेचे प्रमाणपत्र वाटते. हे सगळे आम्ही निमूटपणे मान्य केले. सरकारी कचेरीत आयुष्यभर अर्ज केलेल्या माणसाला रकान्यांचा धाक नवा नाही.

आपल्यामुळे काही गोष्टी सुधारल्या, हेही कबूल. पूर्वी रेझ्युमे आणि लग्नाचा बायोडाटा यांत आमच्याकडे फक्त नाडीचा फरक असे. वर ‘श्री’, मग वडिलांचा धंदा, जात, उंची, वैवाहिक स्थिती आणि शेवटी छंद : वाचन, क्रिकेट, प्रवास. वेल्डरच्या जागेला अर्ज करणारा मुलगा आपण शाकाहारी असल्याचे आवर्जून कळवी. आता ते गेले. त्या जागी ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधणे’ हे ध्येय आले. गावातल्या झाडून साऱ्या मुलांचे ध्येय शब्दशः एकच आहे. इतकी एकी आमच्या ग्रामसभेत कधी दिसली नाही.

साहेब, आपण येण्यापूर्वी सगळे आलबेल होते असे मी म्हणणार नाही. मुंबईतल्या गिरण्यांना पहिली कित्येक दशके सर्वांत जास्त कामगार पुरवले ते आमच्या रत्नागिरी जिल्ह्याने. तेव्हा रेझ्युमे नव्हता, जॉबर होता. तो आपल्या गावचा, आपल्या नात्याचा माणूस भरती करी आणि त्याची दस्तुरी घेई. नोकरी टिकवायची तर जॉबरची मर्जी टिकवायची. 1931 साली कामगारविषयक रॉयल कमिशनने शिफारस केली की कामगार घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढावा. आपण दस्तुरी घेत नाही. मात्र एक फरक राहतो : जॉबर गिरणीच्या दारात भेटायचा. नाही म्हणाला तर का म्हणाला, ते विचारता यायचे. भांडता तर नक्कीच यायचे.

आता आमच्याकडचा माल बघा. ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय 2012 पासून गावातच आहे, त्यामुळे पदवी आता समुद्राच्या वाऱ्यावर मिळते. नोकरी मात्र अजूनही घाट चढून गेल्यावरच. अशीच एक मुलगी माझ्याकडे आली. मे महिन्यात घरच्या खोल्या पर्यटकांना देण्याचे काम तीच बघते. मोबाइलवरच्या कुणा मार्गदर्शकाचे ऐकून तिने लिहिले होते : ‘आतिथ्य क्षेत्रातील बहुआयामी कार्यप्रणालीचे धोरणात्मक नेतृत्व.’ मी विचारले, “म्हणजे काय केलंस गो?” ती म्हणाली, “मास्तर, दोन हंगाम चार खोल्यांचं बुकिंग आणि ऑनलाइन पैशांचा हिशेब मी एकटीने सांभाळला. एक खोली दोघांना दिली, असं एकदाही झालं नाही.” म्हटले, हेच लिही. काम काय, किती, आणि त्याचे झाले काय. तीन गोष्टी दोन ओळींत. आपल्यासाठी जाहिरातीतला शब्दही त्यात बसवला : ‘कस्टमर सर्व्हिस’. माणसाने वाचले तर पहिली ओळ कामाची, आपण वाचले तर दुसरी.

भारदस्त शब्दांचे आम्हाला वावडे का, ते सांगतो. गुहागर तालुक्यात आजवर आलेला सर्वांत देखणा रेझ्युमे माणसाचा नव्हता, कंपनीचा होता. एन्रॉन. ‘फॉर्च्युन’ मासिकाने 1996 ते 2001 अशी सलग 6 वर्षे तिला अमेरिकेतली सर्वांत नवकल्पक कंपनी ठरवले. अंजनवेलला तिचा दाभोळ प्रकल्प उभा राहिला, 1999 साली 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की ती घेणे राज्य वीज मंडळाला परवडेना. 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत कंपनीने दिवाळे काढले. तिच्या हिशेबातला नफा मुख्यतः कागदावरचा निघाला. तिच्या दाव्यांबद्दल ज्या गावकऱ्यांनी शंका काढल्या, त्यांची 1997 साली वेलदूरला पोलिसांनी धरपकड केली. म्हणजे ज्यांनी संदर्भ तपासले, त्यांनाच कोठडी मिळाली.

तेव्हा साहेब, मुलांनी खरे, मोजके, आकड्यांसह लिहावे, ही अट आम्हाला मान्य आहे. तीच समोरच्याला लावा, एवढीच विनंती. कंपन्यांनीही एक पानाचा रेझ्युमे पाठवावा. फोटो नको, दोन रकाने नकोत. ‘पगार इंडस्ट्रीप्रमाणे’ लिहिले तर अर्ज बाद, आकडा लिहावा. ‘फ्रेशर हवा, अनुभव दोन वर्षे’ असे आढळल्यास दोन्हींपैकी एक खोडावे. ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ हे वाक्य छंदांत टाकावे. मागल्या वर्षी किती जणांना घेतले, किती जणांना काढले आणि सोडून गेलेले किती, हे तीन आकडे द्यावेत. शिवाय पूर्वी काम केलेल्या दोन माणसांचे फोन नंबर संदर्भासाठी जोडावेत. फोन आम्ही करू. पोलीस बोलावणार नाही.

हे होईपर्यंत निदान पोचपावती द्यावी. रजिस्टर पोस्टाच्या काळात सही-शिक्क्याचे कार्ड परत यायचे. नोकरी नाही मिळाली तरी अर्ज कुणाच्या तरी हातात पडला, एवढे कळायचे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मास्तर

ता. क. : हे पत्र मुद्दाम एका रकान्यात, तक्ता न घालता लिहिले आहे. ‘टीमवर्क’ आणि ‘लीडरशिप’ हे शब्द मजकुरात कुठेच बसेनात, म्हणून इथे लिहिले. आता तरी पत्र माणसापर्यंत जाऊ द्यावे.