पॅच कोणाच्या नावावर?

संस्थेच्या नव्या संकेतस्थळाच्या लोकार्पणाला सगळे हजर असतात. अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, पेढे, फोटो. सहा महिन्यांनी त्याच सर्व्हरवर सुरक्षा पॅच लावायची वेळ येते, तेव्हा तिकडे कोणी फिरकत नाही. ज्या पोराने साइट बांधली तो पुण्याला नोकरीला लागलेला असतो. ऑफिसात विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?’

हे वाक्य ऐकलं की मला संताप येतो. त्या सर्व्हरवर मुलींचे मोबाइल नंबर असतात, आधार कार्डाच्या स्कॅन प्रती असतात, कर्जाचे अर्ज असतात. हात न लावणाऱ्यांचं यातलं काहीच जात नाही.

पैसा कमी, माणसं कमी, असं कारण पुढे केलं जातं. मग इक्विफॅक्सचं काय? ही अमेरिकेतली क्रेडिट ब्युरो. तिथे कोणाला कर्ज मिळणार आणि कोणाला नाही, हे ज्या तीन बड्या कंपन्यांच्या नोंदींवरून ठरतं त्यांतली एक. पैसा होता, सुरक्षेचा वेगळा विभाग होता.

७ मार्च २०१७ रोजी अपाचे स्ट्रट्स या मोफत सॉफ्टवेअरमधलं भगदाड जाहीर झालं, आणि सोबत दुरुस्तीही आली. ब्राउझर सर्व्हरकडे काही पाठवतो तेव्हा ‘हा मजकूर अमुक प्रकारचा आहे’ अशी एक ओळ बरोबर जाते. त्या ओळीत हुकूम लिहून पाठवला की सर्व्हर तो निमूटपणे पाळायचा. लॉगिनची गरज नाही, पासवर्डची नाही.

९ मार्चला इक्विफॅक्समध्ये चारशेहून अधिक जणांना मेल गेला: ४८ तासांत पॅच लावा. पुढच्या आठवड्यात स्कॅनही झाला. पण स्कॅनर वरच्या फोल्डरमध्ये शोधत राहिला आणि स्ट्रट्स होतं आतल्या फोल्डरमध्ये. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. ग्राहक जिथे आपल्या नोंदींबद्दल तक्रार करायचे ते जुनं पोर्टल उघडंच राहिलं.

१३ मेला चोर आत शिरले आणि ७६ दिवस मुक्काम ठोकून राहिले. आत एका फाइलमध्ये युजरनेम आणि पासवर्ड साध्या अक्षरांत लिहून ठेवलेले होते. त्यांच्या जोरावर आणखी ४८ डेटाबेस उघडले. बाहेर जाणारी माहिती तपासणारं यंत्र होतं, पण त्याचं सर्टिफिकेट १९ महिन्यांपूर्वीच संपलेलं, त्यामुळे त्याला काही दिसतच नव्हतं. २९ जुलैला सर्टिफिकेट बदललं आणि त्याच दिवशी चोरी नजरेस पडली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर गेले होते.

कंपनीचे प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी सप्टेंबरमध्ये पद सोडलं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेससमोर त्यांनी सांगितलं की, पॅचचा निरोप पुढे पोहोचवायची जबाबदारी ज्या व्यक्तीवर होती तिने तो पोहोचवला नाही. म्हणजे बिल एका माणसाच्या नावावर फाडलं. ज्या कंपनीत एक निरोप चुकला की कोट्यवधी लोकांची माहिती उघड्यावर पडते, तिथे त्या एका माणसाला पुढे करणं मला निलाजरेपणाचं वाटतं. चारशे जणांना मेल गेला होता, आणि काम एकाच्याही नावावर लागलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृहाच्या समितीने अहवालात स्पष्ट लिहिलं की ही चोरी पूर्णपणे टाळता येण्याजोगी होती.

‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. पॅच बाहेर पडला की तो चोरांनाही मिळतो. जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवले की भगदाड नेमकं कुठे होतं ते कळतं. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी साइट बांधायच्या ड्रुपल ७ या सॉफ्टवेअरसाठी अशीच एक दुरुस्ती आली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा गटाने जाहीर केलं: घोषणेपासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. सात तास! आपल्याकडे तेवढ्यात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही.

अपडेट केल्यावर साइट बंद पडते, ही भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. बऱ्याच साइट्स ज्या भाषेत लिहिलेल्या असतात त्या पीएचपीच्या ५.६ वरून थेट ८ वर उडी मारली तर जुना कोड कोसळणारच. डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स पीएचपी ७ मध्येच काढून टाकली आहेत. पण ५.६ चा आधार ३१ डिसेंबर २०१८ ला संपला. तेव्हापासून बसून राहिलात, म्हणून आज उडी एवढी मोठी झाली. शिवाय सर्व्हरवरच्या डेबियन, उबुंटू या लिनक्स प्रणालींची नेहमीची सुरक्षा अपडेट्स अशी उलथापालथ करत नाहीत. आवृत्ती साधारण तीच राहते, भोक तेवढं बुजतं. ती आपोआप लागायची सोयही आहे. मोठ्या बदलासाठी साइटची दुसरी प्रत उभी करा, तिच्यावर आधी करून बघा.

आपल्या संस्थेची साइट उघडून एफ-१२ दाबा, पान पुन्हा लोड करा, नेटवर्कमध्ये पहिल्या ओळीवर क्लिक करा. ‘एक्स-पॉवर्ड-बाय: पीएचपी/५.६.४०’ असं दिसलं, तर ती त्या मालिकेतली शेवटची आवृत्ती, जानेवारी २०१९ ची. त्या ओळीचा प्रिंटआउट काढा आणि पुढच्या सभेत टेबलावर ठेवा.

सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, असा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा आदेश २०२२ पासून आहे. घरफोडीनंतर काय करायचं ते ठरलं. आधीचं ठरवायला सभेला दहा मिनिटं पुरतील. सुरक्षेचे मेल कोणाच्या पत्त्यावर येतात? तो माणूस रजेवर असला तर कोण बघतो? शेवटचा बॅकअप खरोखर परत चढवून कधी पाहिला? उत्तरादाखल ‘एजन्सी बघते’ असं आलं, तर एजन्सीचा करार मागवा आणि एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, तारीख वाचा. संपलेली असेल तर त्याच सभेत ठराव करा, पैसे मंजूर करा, आणि ठरावात पदनाम लिहून थांबू नका, माणसाचं नाव लिहा.