उजवं मनगट, डावं मनगट

परफ्यूम विकत घेणारी माणसं वेगळी आणि परफ्यूम निवडणारी वेगळी. आमच्या वहिनी दुसऱ्या जातीतल्या. गेल्या दिवाळीपासून त्यांची गाडी दोन बाटल्यांपाशी अडली आहे: गेर्लाँचं शालिमार आणि म्युग्लरचं एंजल. दोन्ही गोड, दोन्हींत व्हॅनिला, आणि दोन्हींची किंमत ऐकली की दादा पाणी मागतो.

अभ्यास मात्र दांडगा. "भावोजी, शालिमार १९२५चं. आधी लिंबाच्या कुळातलं बर्गमॉट, मग सावकाश वर येतो तो धुरकट व्हॅनिला. एंजल १९९२चं. त्यात इथाइल माल्टॉल, म्हणजे जत्रेतले म्हातारीचे केस बघा, आणि तळाशी पचौली." हे सगळं त्या मॉलमधल्या काउंटरवर उभ्या उभ्या सांगतात. तिथली मुलगी वहिनी दिसल्या की वासाच्या कागदी पट्ट्या संपल्याचं सांगून आत सटकते.

पट्ट्यांवर वहिनींचा भरवसा नाहीच. वास अंगावर मुरला पाहिजे. म्हणून उजव्या मनगटावर शालिमार, डाव्यावर एंजल. त्यांची मनगटं भरली की दादाची, मग माझी. एकदा मी तसाच ऑफिसात गेलो, तर शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, "आज केक कुणाकडून?"

आईला यातलं काही कळत नाही, असं वहिनींचं ठाम मत. आई नाशिकची. शालिमार म्हटल्यावर ती म्हणाली, "तिथं तर आमची सिटी बस थांबायची." मग सुनेचं मनगट हुंगून म्हणाली, "कस्टर्ड चांगलं झालंय, फक्त खाली लागलंय." खरं सांगायचं तर शालिमारचं इतकं नेमकं वर्णन मी वहिनींकडूनसुद्धा ऐकलेलं नाही.

व्हॅनिलाचं फूल जेमतेम एक दिवस उमलतं. तेवढ्यात हातानं परागीभवन उरकलं नाही, तर शेंग धरत नाही. ही माहितीही वहिनींचीच. १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं ती सोपी रीत शोधून काढली, हे सांगताना त्यांचा आवाज कातर होतो. फुलाची ती घाई मात्र त्यांना मुळीच पसंत नाही. हिरव्या शेंगेला वास नसतो, तो यायला महिनोन्‌महिने ती मुरवावी लागते, हा भाग त्या जास्त आवडीनं सांगतात.

परवा दादानं हात टेकले. "अगं, दोन्ही घे. पण आटप."

"अहो, दोन्ही घेतली तर मग निवडायचं काय?" असं म्हणत वहिनींनी त्याची बाही कोपराच्या वर सारली. मनगटं केव्हाच संपली होती.