गाडीतलं कळणारे अप्पा

प्रत्येक सोसायटीत पाण्याच्या टाकीचं कळणारा एक असतो, शेअर बाजारातलं कळणारा एक असतो आणि गाडीतलं कळणारा एक असतो. पहिल्या दोघांचं पितळ कधी ना कधी उघडं पडतं. टाकी ओसंडते, बाजार पडतो. गाडीतलं कळणारा मात्र तहहयात पदावर राहतो, कारण सेकंडहँड गाडीत फसलेला माणूस चारचौघांत ते कबूल करत नाही. “ॲव्हरेज मस्त देते,” असं म्हणत तो पाच वर्षं गॅरेजच्या वाऱ्या करतो.

आमच्या ए विंगमधले अप्पा हे असे पदसिद्ध जाणकार. सरकारी खात्यातून निवृत्त. नोकरीत त्यांचा गाडीशी आलेला संबंध म्हणजे साहेबांच्या जीपचं लॉगबुक लिहिणे. स्वतःची 1997 ची मारुती 800 आहे. आरटीओत तीनदा पुन्हा पासिंग करून आणलेली आणि दर गुरुवारी गेटपर्यंत जाऊन परत येणारी. तिच्या पुण्याईवर अप्पांनी सोसायटीतल्या निम्म्या गाड्या पास केल्या आहेत. नापास एकही नाही. नापास करायला कारण द्यावं लागतं.

मी ज्या गाडीच्या प्रेमात पडलो होतो ती चौदा महिन्यांची होती. अकरा हजार किलोमीटर, सिंगल हँड, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अर्धं तसंच. किंमत आठ लाख चाळीस हजार. चौदा महिन्यांत कुणी गाडी का विकतं, हा प्रश्न विचारायचा असतो एवढं मला माहीत होतं आणि त्याचं उत्तर डीलरकडे तयार होतं. “डॉक्टरांची गाडी आहे साहेब. डॉक्टर परदेशी गेले.” पुण्यात विकायला निघालेल्या गाड्यांवर विश्वास ठेवायचा तर शहरात आता एकही डॉक्टर उरलेला नसावा.

“बाबा, साडेआठ लाख देताय, तर पंधराशे रुपये देऊन बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या,” मुलगी म्हणाली. तिला नोकरी लागल्यापासून ती असं बोलते. मी म्हटलं, “अगं, नवीच आहे की.” हेच वाक्य मी दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये अप्पांना ऐकवलं आणि पंधराशेचा उल्लेख चुकून झाला.

“पंधराशे?” अप्पांनी हातातली फुलांची परडी बोनेटवर ठेवली. “कुणा पोराला? आणि मी काय मेलोय? आपण बघू.”

या ‘आपण’मध्ये मोठी ताकद आहे. साधा नारळ आपण कानाशी वाजवून घेतो, हापूसच्या पेटीचा खालचा थर उचकटून बघतो, सोयरीक जमवताना मुलाच्या मामाच्या शेजाऱ्यापर्यंत चौकशी करतो. पण गाडी म्हटली की तिऱ्हाइताकडून तपासून घेणं म्हणजे कुणाचा तरी अपमान, असं आपल्याला वाटायला लागतं. तो आधी डीलरचा होतो, मग अप्पांचा. डीलर छातीवर हात ठेवून म्हणाला होता, “साहेब, आमची दोनशे पॉइंटची तपासणी झालेली असते.” असेल. पण मुलीच्या बापानंच मांडलेल्या पत्रिकेत मंगळ सहसा सापडत नाही.

रविवारी अप्पा आले. पांढरी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. गाडी बघायला जाताना ते नेहमी हेच बूट घालतात, कारण तपासणीची सुरुवात टायरला लाथ मारून होते. एकेका चाकाला एकेक. मग बोनेटवर उलट्या बोटांनी टकटक करून ते मान तिरकी करतात, तबल्याची शाई पारखावी तशी. “पत्रा पातळ आहे, पण हल्ली सगळ्यांचाच असतो.” मग सायलेन्सरच्या नळीत तर्जनी घालून ती अंगठ्यावर चोळणे. मग दार उघडून जोरात आपटणे, आणि त्या आवाजाकडे डोळे मिटून कान देणे.

पेच पडला तो बोनेट उघडल्यावर. आत इंजिनाच्या जागी काळ्या प्लास्टिकचं एक भलंमोठं झाकण होतं. अप्पांच्या 800 मध्ये कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, बॅटरी अशी सगळी मंडळी ओसरीवर बसलेली दिसतात. इथे घरात कुणी दिसेना. अप्पांनी झाकणावर टकटक केली. काही क्षण ते एकटे पडल्यासारखे वाटले. मग म्हणाले, “झाकून ठेवलंय ते बरं. धूळ बसत नाही.” चाचणी फेरीत ते मागे बसले, खिडकी उघडून एक गाणं गुणगुणले आणि उतरल्यावर निकाल दिला. “घे डोळे झाकून.”

तपासणीची फी ते घेत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. दोन मिसळी, वरून तर्री, दही वेगळं, नंतर अमृततुल्यचा चहा आणि काकूंसाठी पार्सल. चारशे दहा रुपये झाले.

तिकडे मुलीनं परस्पर तो पोरगा ठरवून टाकला होता. विशीतला, पाठीवर सॅक, मूळचा सांगलीचा. मी अप्पांना सांगितलं नाही. अर्थात ते तिथे हजर होतेच. सोसायटीत गुप्तता फक्त थकबाकीदारांच्या यादीची पाळली जाते.

पोरानं टायरला लाथ मारली नाही, तिथेच तो अप्पांच्या मनातून उतरला. तो उकिडवा बसला आणि टायरच्या कडेचे आकडे वाचू लागला. “काका, हे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. तीन टायर एका वेळचे आहेत, मागचा डावा आठ महिन्यांनी नवा आहे.” अप्पा म्हणाले, “पंक्चर झाला असेल.” मग त्यानं सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. “पुरातली गाडी असली की इथे गाळाची रेघ राहते. 2019 ला आमच्याकडे पाणी आलं तेव्हापासून मी पट्टा ओढल्याशिवाय पुढे जात नाही.” पट्टा स्वच्छ होता. स्टीअरिंगखालच्या खाचेत त्यानं स्कॅनर लावला, मोबाइलवर काहीतरी आलं. इंजिन, गिअर, सगळं ठीक. अप्पांनी माझ्याकडे ‘बघ’ असं पाहिलं.

मग त्यानं सॅकमधून काडेपेटीएवढं यंत्र काढलं. पत्र्यावर टेकवलं की रंगाचा थर किती मायक्रॉन ते दाखवणारं. बोनेट 108. पुढचं दार 112. छप्पर 104. अप्पांनाही मजा वाटू लागली, ते आकडे मोठ्यानं वाचू लागले, हाऊझीत वाचतात तसे. मागचं डावं दार 340.

थोडा वेळ कुणी बोललं नाही.

“मागच्या बाजूला कंपनी रंग जास्त देते,” अप्पा म्हणाले. “खडी उडते ना.”

“उजवं दार 110 आहे, काका.”

“उजवीकडे कुठे खडी असते? ती रस्त्याच्या कडेला असते.”

अप्पांना हरवता येत नाही ते असं. पोरगा हसलाही नाही. त्यानं दाराचा रबर ओढून कडेचे वेल्डिंगचे ठिपके पाहिले, बिजागरीच्या बोल्टवरच्या पान्याच्या खुणा दाखवल्या आणि डीलरकडे विम्याची पॉलिसी मागितली. हे मला आयुष्यात सुचलं नसतं. वर्षभरात क्लेम केला नसेल तर पहिल्याच नूतनीकरणाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर 20 टक्के नो क्लेम बोनस मिळतो. डॉक्टरांच्या पॉलिसीत त्या रकान्यात शून्य होतं. परदेशी जाण्यापूर्वी डॉक्टर डाव्या अंगानं कशावर तरी गेले होते.

पोराचा निष्कर्ष मात्र शांत होता. “सांगाडा सरळ आहे. दार पुन्हा रंगवलंय, टायर बदललाय, काम चांगलं केलंय. गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त या भावाला नको. चाळीस हजार कमी करून मागा.” म्हणजे जी तपासणी गाडी मोडीत काढेल म्हणून मी आठवडाभर टाळत होतो, तिनं गाडीला बरं म्हटलं आणि किमतीला आजारी ठरवलं. पंधराशे रुपये मी यूपीआयनं दिले. त्यानं मिसळीला नको म्हटलं. अप्पांना तेही खटकलं.

डीलर पाच हजारांच्या वर हलेना. “साहेब, एवढं बारीक बघायचं तर नवीच घ्या ना.” आणि मीही तत्त्वाचा माणूस असल्यामुळे, म्हणजे मुलगी शेजारी उभी असल्यामुळे, उठून आलो.

दहा दिवसांनी संध्याकाळी फिरून येत होतो. बी विंगच्या पार्किंगमध्ये झेंडूचा हार घातलेली गाडी उभी होती, चाकांखाली लिंबं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. मी वाकून मागच्या डाव्या टायरचे आकडे वाचले. तीच. बी विंगमधले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे होते. किंमत विचारली. आठ लाख. “अप्पांनी घासाघीस केली हो,” ते भारावून म्हणाले. “दाराचा रंग, विम्याचा शून्य, टायर, एकेक मुद्दा काढून त्या डीलरला घाम फोडला. यंत्र नाही, काही नाही. नुसत्या नजरेनं सांगितलं, तीनशे चाळीस मायक्रॉन!”

अप्पा टोपी सावरत मागच्या डाव्या दारावर टकटक करत होते. मला पाहून जराही दचकले नाहीत. पेढा पुढे केला आणि म्हणाले, “निर्धास्त राहा म्हटलं त्यांना. ही गाडी आपण दोनदा तपासलीय.”

येत्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत मी एकच ठराव मांडणार आहे. त्या पंधराशेपैकी साडेसातशे रुपये बी विंगनं मला द्यावेत. अनुमोदक हवा आहे.