दोन रविवारांत निकाल

अमेरिकन फुटबॉलच्या पंडितांचे जाहीर अभिनंदन! एनएफएलच्या 32 संघांना प्रत्येकी 17 सामने खेळावे लागतात. पण सप्टेंबरचे दोन रविवार सरले, की प्लेऑफला कोण जाणार आणि कुठला प्रशिक्षक घरी बसणार, हे यांचे ठरलेले असते. उरलेले 15 सामने ही निव्वळ उधळपट्टी. ती तत्काळ थांबवावी. पुढच्या वर्षीपासून तर नाणेफेकीवरच (सरावाचीही चालेल) चषक देऊन टाकावा.

2007 साली न्यूयॉर्क जायंट्सनी पहिल्या दोन सामन्यांत 80 गुण खाल्ले आणि ते रीतसर निकालात निघाले. तरीही फेब्रुवारीत, तोवर अपराजित असलेल्या पेट्रियट्सना हरवून सुपर बोल जिंकण्याचा अगोचरपणा त्यांनी केलाच. या बेशिस्तीबद्दल त्यांना अद्याप साधी नोटीसही गेलेली नाही.