शिट्टी म्यूट आहे

आमच्या रामाकोन्यातले खेळाचे सर परवा भर दुपारी पाण्याच्या टाकीवर बसलेले दिसले. टाकीवर माणूस चढला की गाव दोनच कारणं धरतं: मागणी मान्य होत नाही, नाहीतर लग्न जमत नाही. खालून विचारलं, "सर, काऊन चढले?"

"धावून राह्यलो ना बापा," सर वरून म्हणाले. "ऑनलाईन."

व्यायाम शिक्षकांचं प्रशिक्षण मोबाईलवर, आणि मोबाईलला रेंज टाकीवर. 2020 च्या टाळेबंदीत हे समजण्यासारखं होतं, तेव्हा मैदानात पाय ठेवायचीच चोरी होती. पुढे मैदानं उघडली, प्रशिक्षण काही मोबाईलमधून बाहेर पडलं नाही. असो. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण म्यूटशी आहे.

त्या दिवशीचा पाठ होता शिट्टीचे संकेत. लांब शिट्टी, तुटक शिट्टी, थांबा, सुरू करा. शिकवणारे साहेब शुद्ध हिंदीत म्हणाले, "अब सब लोग अभ्यास करें, और कृपया अपना माइक म्यूट रखें." जिल्हाभरच्या गुरुजींनी गाल फुगवले, डोळे वटारले आणि मुकाट चौकोनांत जीव खाऊन शिट्ट्या फुंकल्या. आमच्या सरांनी हळूच माईक उघडून पाहिला. उपयोग शून्य. ॲपला म्हणे आजूबाजूचा गोंगाट ओळखून काढून टाकायची अक्कल असते. कुत्र्याचं भुंकणं, शेजारचा मिक्सर आणि पीटीच्या सरांची शिट्टी, तिन्ही एकाच टोपलीत. रेल्वेची छोटी लाईन चालू होती तेव्हा या गावाला दोनच शिट्ट्या ठाऊक होत्या, एक इंजिनाची आणि एक सरांची. पहिलीवर पिशव्या सावरत बाया पळायच्या, दुसरीवर पोट्टे. दुसरीला आता गोंगाट ठरवलंय.

मग कबड्डी. 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद मैदान तळहातात मावलं. चढाईवाला गडी मधली रेषा ओलांडून पलीकडे गेला आणि तिथंच पडद्यावर ते गोल चक्कर फिरायला लागलं. चढाई असते 30 सेकंदांची. हा गडी पाच मिनिटं दुसऱ्यांच्या अंगणात एक पाय उचलून उभा, दम धरून, समोरचे सात जण हात पसरून थिजलेले. सर पहिल्या मिनिटाला हसले, दुसऱ्याला चिडले, पाचव्याला मात्र त्यांच्यातला पंच जागा झाला. गड्याला बाद द्यायलाच हवं होतं. त्यांनी छाती भरून अशी शिट्टी मारली की छिंदवाड्याहून नागपूरला निघालेली बस खाली रस्त्यावर थांबली. अख्ख्या प्रशिक्षणात ती शिट्टी ऐकली ती एकट्या ड्रायव्हरनं.

शेवटी परीक्षा. प्रश्न: खेळ शिक्षकाचं सर्वात महत्त्वाचं साधन कोणतं? सरांनी 'शिट्टी'वर बोट ठेवलं. चूक! बरोबर उत्तर, 'सकारात्मक दृष्टिकोन'.

इथं माझं डोकं फिरलं. निवडणूक आली की सरांच्या हाती मतदार याद्या. पुस्तकांचा ट्रक आला की सर हमाल. गणिताचे सर रजेवर गेले की खेळाचा तास गणिताला. उलटं कधी झालेलं कुणी पाहिलंय? मैदानात आज मांडव, उद्या सभा, परवा कुणाची तरी गिट्टी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या काठांवर दगडफेकीची गोटमार होते, डोकी फुटतात. फेकायला या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. त्याच हातांत वेळेवर गोळा द्या, भाला द्या, की पोट्टे तुम्हाला मेडल आणून देतील. पण गोळा कपाटात, कपाटाला कुलूप, आणि चावीवाले साहेब मीटिंगमध्ये. म्यूटवर. चेंडूला पैसे नाहीत म्हणता, मग दृष्टिकोनात काय हवा भरायची?

सरांना प्रमाणपत्र मिळालं. गळ्यातली शिट्टी त्यांनी स्वतःच्या खिशातून घेतलेली. तिचा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही.

पुढचा पाठ पोहण्याचा आहे. कन्हान जवळ आहे, पण शिकायचं टाकीवर बसूनच. तेवढाच पाण्याशी संबंध. बुडणाऱ्यानं ओरडायचं की तोही म्यूट, हे विचारायला सरांनी हात वर केला. अख्ख्या प्रशिक्षणात अंगाला झालेला तेवढाच व्यायाम. तोही अंगठ्यानं.